पदवीनंतर लगेच अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचा जोडअभ्यासक्रम करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यंत्र अभियांत्रिकीची पदवी नुकतीच हाती आली आहे, आणि कामाचा अनुभव म्हणाल तर शेवटच्या वर्षातल्या आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाएवढाच आहे. तांत्रिक कामाची आवड आहे, पण पुढे उत्पादनाची किंवा प्रकल्पाची जबाबदारी अंगावर घ्यायची इच्छाही आहे. अशा वेळी अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन एकत्र शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम लगेच करावा, की काही वर्षे नोकरी करून मग एमबीएकडे वळावे? आणि लगेच करायचे ठरलेच, तर जवळजवळ सारख्याच नावांच्या अभ्यासक्रमांतून निवड कशी करावी?

आधी निकाल सांगतो, कारणे नंतर. अनुभवाशिवाय पूर्ण एमबीए करण्याच्या मी विरोधात आहे. अभियांत्रिकी व्यवस्थापनाचा मास्टर्स मात्र पदवीनंतर लगेच करायला हरकत नाही, पण एका अटीवर: त्या अभ्यासक्रमात तांत्रिक बाजू आणि पैशाची बाजू एकाच प्रश्नावर एकत्र बसवून सोडवायला लावली पाहिजे. सकाळच्या तासाला ऑप्टिमायझेशन (मर्यादांत राहून सर्वांत चांगला पर्याय शोधण्याचे गणित) आणि दुपारच्या तासाला मार्केटिंग, आणि दोघांची गाठ फक्त गुणपत्रिकेवर, असा प्रकार असेल तर तो जोडअभ्यासक्रम नव्हे. ते शेजारी शेजारी ठेवलेले दोन अर्धवट अभ्यासक्रम आहेत.

मी स्वतः तीन वर्षे हीट ट्रीटमेंट (धातू तापवून-थंड करून त्याची कठिणता बदलण्याच्या) विभागात काम करून मग या वाटेला आलो, त्यानंतर वीसेक वर्षे उत्पादन आणि भांडवली प्रकल्प पाहिले, आणि आता अशा अभ्यासक्रमांतल्या विद्यार्थ्यांच्या उद्योगप्रकल्पांचा बाह्य परीक्षक म्हणूनही काम करतो. त्यामुळे पुढचे विवेचन थोडे उत्पादनाकडे झुकलेले वाटेल. सॉफ्टवेअर किंवा ऊर्जा क्षेत्रातल्या वाचकांनी आपापली उदाहरणे त्या जागी बसवावीत.

नावांचा गोंधळ मोठा असल्यामुळे प्रकार वेगळे करून घेऊ. पहिला प्रकार दुहेरी पदवीचा. अमेरिकेतल्या एमआयटीचा ‘लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स’ हा त्याचा ठळक नमुना आहे. १९८८ मध्ये ‘लीडर्स फॉर मॅन्युफॅक्चरिंग’ या नावाने तो सुरू झाला. दोन वर्षांत एमबीए आणि अभियांत्रिकीतील मास्टर्स अशा दोन पदव्या त्यातून मिळतात, आणि मधले सहा महिने भागीदार कंपनीत राहून तिथल्याच एखाद्या प्रश्नावर प्रबंध लिहावा लागतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या ‘एमएमएम’ या दुहेरी अभ्यासक्रमात एमबीएच्या जोडीला डिझाइन इनोव्हेशनमधील एमएस मिळते. हार्वर्डचा एमएस/एमबीए अलीकडचा, २०१८ चा, आणि तंत्रज्ञानावर आधारलेला उद्योग उभारू पाहणाऱ्यांना समोर ठेवून आखलेला आहे. हे अभ्यासक्रम कार्यानुभव गृहीत धरतात. एमआयटी तर किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव मागते. म्हणजे ताज्या पदवीधराने यांची माहितीपत्रके जरूर वाचावीत, पण अर्जाचे शुल्क तूर्त वाचवावे.

दुसरा प्रकार अभियांत्रिकी व्यवस्थापनाच्या मास्टर्सचा, ज्याला बोलताना सगळे ‘एमईएम’ म्हणतात. ड्यूक, डार्टमाउथ, कॉर्नेल इथले अभ्यासक्रम या गटातले. बहुधा अभियांत्रिकी विद्याशाखाच ते चालवते, कालावधी साधारण एक ते दोन वर्षांचा असतो, आणि नुकतीच पदवी घेतलेल्यांना त्यात मोकळेपणाने प्रवेश मिळतो. ड्यूकच्या गाभ्याच्या विषयांत वित्त, मार्केटिंग, व्यवस्थापन आणि बौद्धिक संपदेसह व्यवसायविषयक कायदा येतो. हा शेवटचा विषय पाहून नाक मुरडणारे अभियंते मी बरेच पाहिले, आणि पुढे पुरवठादाराच्या करारातले एकच कलम न वाचल्यामुळे साच्यांची मालकी कोणाची यावर महिनोन् महिने भांडणारेही तेच. केंब्रिजचा उत्पादन आणि औद्योगिक प्रणालींचा एक वर्षाचा एमफिल याच कुळातला. त्याची मुळे १९६६ मध्ये तिथे सुरू झालेल्या उत्पादनपद्धतींच्या प्रगत अभ्यासक्रमात आहेत, आणि प्रत्यक्ष कंपन्यांत जाऊन छोटे प्रकल्प करणे हा त्याचा कणा आहे.

तिसरा प्रकार जास्त गणिती. स्टॅनफर्डचा ‘मॅनेजमेंट सायन्स अँड इंजिनिअरिंग’ विभाग हे त्याचे उदाहरण. संभाव्यता, ऑप्टिमायझेशन आणि निर्णयविश्लेषण हा त्याचा पाया आहे. औद्योगिक अभियांत्रिकीतून व्यवस्थापनाकडे गेलेल्या संस्थाही याच्या जवळच्या. १९६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली नीटी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग) ही अशीच संस्था, जी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली.

ही जोडणी नवी आहे असे माहितीपत्रके सुचवतात, पण तसे नाही. कुलपांच्या कारखान्याचे प्रमुख असलेल्या हेन्री टाऊन यांनी १८८६ मध्ये अमेरिकेतल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचला. त्यात त्यांनी दाखवून दिले होते की अभियंत्याच्या आकडेमोडीत फूट, मिनिटे आणि पौंड यांच्या खुणा जितक्या वेळा येतात, जवळजवळ तितक्याच वेळा डॉलरची खूणही येते, आणि तरीही कारखान्याच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करणारी एकही संघटना नाही. एमआयटीने अभियांत्रिकी प्रशासनाचा अभ्यासक्रम १९१४ मध्ये सुरू केला. जर्मनीत १९२० च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात अर्थशास्त्र आणि तंत्रज्ञान एकत्र शिकवायला सुरुवात झाली, आणि ‘विर्टशाफ्ट्सइंजेनिअर’, म्हणजे अर्थशास्त्र जाणणारा अभियंता, ही तिथली आज सर्वमान्य झालेली व्यावसायिक ओळख त्यातूनच आली. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की या शिक्षणाचा जन्म वर्गात झाला नाही, कारखान्यातल्या अडचणीतून झाला. आणि ज्या अभ्यासक्रमाने कारखान्याशी किंवा प्रकल्पस्थळाशी नाते तोडले, तो बहुतेक वेळा पातळ झाला.

आता ‘एकत्र बसवून सोडवणे’ म्हणजे काय, ते एका उदाहरणाने दाखवतो. मुलाखतीत मी हेच उदाहरण अनेकदा वापरतो. चलन कोणतेही धरा. एक सुटा भाग ५०० ला विकला जातो. कच्चा माल, वीज, हत्यारांची झीज असा प्रत्येक नगामागे वाढणारा खर्च ३२० आहे. इमारत, पगार, घसारा यांचा वाटा म्हणून लेखा विभाग प्रत्येक नगावर आणखी ११० टाकतो, त्यामुळे कागदावर एका नगाची किंमत ४३० पडते. एक नवा ग्राहक थोड्या फरकाचे १,००० नग ४०० च्या भावाने मागतो, आणि त्या नगांचाही बदलता खर्च ३२० च आहे. घ्यावी का ही ऑर्डर?

फक्त हिशेबाचा कागद पाहणारा म्हणतो की नगामागे ३० चा तोटा आहे, नको. एमबीएचे पहिले सत्र झालेला म्हणतो की स्थिर खर्च ऑर्डर घेतली काय, न घेतली काय, होणारच आहे. त्यामुळे ४०० वजा ३२०, म्हणजे नगामागे ८० सुटतात आणि एकूण ८०,००० मिळतात, घ्या. बहुतेक पाठ्यपुस्तकी उत्तरे इथेच थांबतात, आणि इथेच चुकतात. कारण हे उत्तर यंत्रे रिकामी आहेत असे न सांगताच धरून चालते. समजा, ओळीतला ग्राइंडिंगचा (घासून अचूक माप देण्याचा) टप्पा तिन्ही पाळ्यांत भरलेला आहे, म्हणजे सगळी ओळ जिथे अडते तो बॉटलनेक तोच आहे. मग नवा नग घ्यायचा तर जुना एक सोडावा लागतो, आणि जुन्या नगावर १८० सुटत होते. आता प्रत्येक नगामागे १०० चे नुकसान आहे, आणि ८०,००० च्या फायद्याच्या जागी एक लाखाचा खड्डा.

पण अजून एक पायरी उरते, आणि ती फक्त शॉप फ्लोअरवर जाऊन घड्याळ लावणाऱ्यालाच दिसते. जुना नग ग्राइंडिंगवर सहा मिनिटे घेतो. नव्या नगाचा व्यास लहान आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सैल असल्यामुळे त्याला दोनच मिनिटे लागतात. म्हणजे अडणाऱ्या यंत्राच्या प्रत्येक मिनिटामागे जुना नग ३० मिळवतो आणि नवा ४०. ग्राइंडिंग पूर्ण भरलेले असूनही ‘तोट्यातली’ ही ऑर्डर घेणेच फायद्याचे ठरते. मात्र आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यांना तिप्पट नग पेलवतील याची खात्री करूनच. त्याच वेळी विक्री विभागाला विचारायला हवे की ४०० चा भाव जुन्या ग्राहकांच्या कानावर गेला तर ते ५०० का देतील. टॉलरन्स, चक्रकाळ (एका नगाला यंत्रावर लागणारा वेळ), स्थिर आणि बदलता खर्च, ग्राहकाची वर्तणूक: यातला एकही धागा सुटला की उत्तर उलटते. लेखापाल एकटा किंवा यंत्र अभियंता एकटा हा प्रश्न सोडवू शकत नाही, आणि दोघांनी आपापले उत्तर ईमेलने पाठवूनही तो सुटत नाही. ज्या अभ्यासक्रमात अशा प्रश्नांशी झटायला मिळते, तिथे खर्च केलेले वर्ष सत्कारणी लागते.

माझ्या हाताने झालेली चूक याच जातीची होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी नव्या भट्टीचा प्रस्ताव लिहिला. तापमानाचा एकसारखेपणा, कठिणतेतला फरक, इंधनाची बचत असे सगळे आलेख काढून चोवीस पानांची फाइल केली. बैठकीत वित्तप्रमुखांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. त्यांनी एवढेच विचारले की भट्टी घेतली नाही तर पुढच्या वर्षी नेमके काय बिघडेल. मला उत्तर देता आले नाही. उत्तर होते: दर महिन्याला फेरप्रक्रियेला जाणारा माल त्याच भट्टीचे तास खात होता, आणि त्यामुळे उशिरा जाणाऱ्या मालावर ग्राहक दंड कापत होता. दंडाची नोंद विक्री विभागाच्या वहीत होती आणि फेरप्रक्रियेची माझ्या. दोन्ही वह्या एकत्र ठेवायचे मला सुचले नव्हते. प्रस्ताव अर्थातच बारगळला.

या अनुभवातून ताज्या पदवीधराची खरी अडचण कळते. एमबीएच्या वर्गात शिक्षणाचा मोठा भाग शेजारच्या बाकावरून येतो. नामवंत पूर्णवेळ एमबीएच्या विद्यार्थ्यांचा अनुभव सरासरी चार-पाच वर्षांचा असतो. चर्चेत ते आपले फसलेले प्रकल्प, नाठाळ वरिष्ठ आणि बुडालेली बिले घेऊन येतात. ज्याच्यापाशी असे काहीच नाही तो नुसता ऐकतो, आणि परत द्यायला काही नसल्यामुळे गटात मागे पडतो. शिवाय पुढे खरेच गरज पडेल तेव्हा दुसऱ्यांदा एमबीए करण्याची सोय व्यवहारात राहत नाही. म्हणून एमबीए हे एकदाच फोडायचे काडतूस समजून जपून ठेवावे. ज्यांना आत्ताच जागा पक्की हवी आहे त्यांच्यासाठी पुढे ढकललेल्या प्रवेशाची वाट आहे. हार्वर्डच्या ‘२+२’ मध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षात अर्ज करता येतो, आणि निवड झाल्यावर किमान दोन वर्षे काम करून मग वर्गात यायचे असते. ही वाट अभियंत्यांकडून अनेकदा निव्वळ माहितीअभावी सुटते, कारण पदवी संपून नोकरी सुरू झाली की ती बंद होते.

एमईएमच्या वर्गात ही अडचण कमी असते, कारण बहुतेक जण सारख्याच स्थितीतले असतात. पण त्यामुळे दुसरी अडचण येते: वर्गात अनुभवच कमी, म्हणून तो बाहेरून आणावा लागतो. तो अभ्यासक्रम कसा आणतो, हीच माझ्या मते निवडीची कसोटी. माहितीपत्रकातले ‘उद्योगाभिमुख’ हे विशेषण बाजूला ठेवा आणि मागच्या वर्षीच्या उद्योगप्रकल्पांची शीर्षके मागून घ्या. ‘विद्युत वाहनांच्या बाजारपेठेचा अभ्यास’ असे शीर्षक असेल तर तो प्रकल्प बहुधा ग्रंथालयात बसून झाला आहे. ‘अमुक पंपाच्या चाचणीचा वेळ निम्मा करणे आणि त्याचा साठ्यावरचा परिणाम’ असे असेल तर कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन मोजमाप केले आहे. कंपनीने विद्यार्थ्यांना खरी आकडेवारी दिली होती का, आणि शिफारशींचे पुढे काय झाले, हेही विचारावे.

परीक्षक म्हणून पाहिलेला एक चांगला प्रकल्प सांगतो. एका कंपनीत रेखाटनातले बदल मंजूर व्हायला फार वेळ लागत होता, आणि सगळे आपसांत एकमेकांच्या आळसाला दोष देत होते. दोन विद्यार्थ्यांनी प्रलंबित विनंत्या मोजल्या: १२०. दर आठवड्याला निकाली निघणाऱ्या सरासरी ८. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार रांगेतली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी काळ. म्हणजे रांग स्थिर असेल तर प्रत्येक विनंतीला सरासरी १५ आठवडे लागणारच, आणि विक्री विभाग ग्राहकांना तीन आठवड्यांचा शब्द देत होता. इथवर निव्वळ गणित झाले. खरे काम पुढे होते: १२० पैकी किती विनंत्या आता कोणालाच नको आहेत हे शोधणे, मंजुरीच्या सह्या कमी करायला गुणवत्ता विभागाला राजी करणे, आणि आठवड्याला किती नव्या विनंत्या स्वीकारायच्या यावर मर्यादा घालणे. सादरीकरणात त्यांनी गणितावर एक पान दिले होते आणि माणसांवर सहा. मला ते प्रमाण बरोबर वाटले.

अभ्यासक्रमपत्रिका वाचताना वित्त आणि खर्चलेखा यांना किती तास आहेत ते पाहावे. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोकडप्रवाह ही तिन्ही एकमेकांत कशी गुंफली आहेत हे ज्याला वाचता येत नाही, त्याने नेतृत्वावरची कितीही व्याख्याने ऐकली तरी भांडवली खर्चाच्या बैठकीत तो मुकाच राहतो. संख्याशास्त्र आणि ऑप्टिमायझेशन हवेच. एखादा सखोल तांत्रिक विषय ऐच्छिक म्हणून घेता येतो का तेही पाहावे, कारण पहिली काही वर्षे तुमची किंमत तांत्रिक कामावरच ठरणार आहे. विद्यापीठ आणि अभ्यासक्रम यांची अधिमान्यता तपासून घ्यावी. क्रमवारीबद्दल मी फार बोलत नाही. अभियांत्रिकी व्यवस्थापनाच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि नोकरी देणारे त्या क्वचितच पाहतात.

पदवीनंतर लगेच व्यवस्थापक होऊ, ही अपेक्षा मात्र मनातून काढून टाकावी. अनुभव नसलेल्या एमईएम पदवीधराला पहिले काम मिळते ते पुरवठासाखळी विश्लेषक, प्रकल्प अभियंता, प्रक्रियासुधारणा, तांत्रिक विक्री किंवा उत्पादन व्यवस्थापकाचा सहायक अशा जागांवर. कागदावर ती साध्या अभियंत्याच्या जागेपेक्षा फार वरची दिसत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, जेव्हा तुमचा प्रस्ताव वित्त विभागाच्या भाषेत लिहिलेला असतो आणि शेजारच्याचा नसतो. शुल्काचा विचार करतानाही हीच शिस्त पाळावी: शिक्षणाच्या खर्चात त्या काळात न मिळालेला पगार धरावा, कर्जाचे व्याज धरावे, आणि पगारातली वाढ पहिल्या दिवसापासून न धरता तिसऱ्या वर्षापासून धरून गणित मांडावे. एवढे करूनही आकडा पटला तर पुढे जावे. ज्याला स्वतःच्या पदवीची गुंतवणूक अशी मांडता येत नाही, त्याच्या अर्जाकडे मी थोडा संशयानेच पाहतो.

अर्जातल्या निवेदनाबद्दल एकच सूचना. ‘मला तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन यांच्यातला दुवा व्हायचे आहे’ हे वाक्य इतक्या अर्जांत असते की वाचणाऱ्याची नजर त्यावर थांबतच नाही. त्याऐवजी आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणात पाहिलेली, पण समजली नाही अशी एक गोष्ट लिहावी: चांगले चालणारे यंत्र झाकून का ठेवले होते, तोच सुटा भाग दोन पुरवठादारांकडून वेगवेगळ्या भावाने का घेतला जात होता, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच ओव्हरटाइम का लागत होता. त्यावर तुम्ही कोणाला काय विचारले, काय उत्तर मिळाले आणि ते का पटले नाही, एवढे दोन परिच्छेदांत लिहिता आले तर अनुभवाची उणीव बरीच भरून निघते. असा प्रश्न आठवतच नसेल, तर एक वर्ष प्रत्यक्ष उत्पादनात किंवा प्रकल्पस्थळी काम करावे आणि पुढच्या फेरीत अर्ज करावा. एमईएमला तेव्हाही प्रवेश मिळतो, आणि त्या वर्षात दोन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या दुहेरी पदवीकडे जाणारा अर्धा रस्ताही कापून होतो.